नाक आणि स्कल बेसच्या (मेंदूखालच्या हाडाच्या) सर्जरीत थ्रीडी प्रिंटिंग: कुठे कामाचं, कुठे नुसतं दाखवायला

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी ईएनटीच्या सेकंड इयरला आहे. आमच्या डिपार्टमेंटमध्ये थ्रीडी प्रिंटर घ्यायचं चाललंय. नाकाच्या आणि स्कल बेसच्या ऑपरेशनमध्ये त्याचा खरंच उपयोग होतो का, की कॉन्फरन्सला फोटो दाखवण्यापुरतंच आहे? आणि यावर थिसिस होईल का?"

उपयोग होतो, पण बहुतेक लोकांना वाटतो तिथे नाही. रोजच्या सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला, नाकाच्या साध्या वाकड्या पडद्याला, पहिल्यांदाच होणाऱ्या पॉलिपला मॉडेल प्रिंट करून काही म्हणजे काही फरक पडत नाही. तिथे सीटी तिन्ही प्लेनमध्ये स्वतः स्क्रोल करून वाचायची सवय लाव, तेवढं पुरे. माझा नियम साधा आहे, प्रिंट काढायच्या आधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की या मॉडेलला मी काय विचारणार आहे. फ्लॅप, म्हणजे देठावर जिवंत ठेवून फिरवलेला टिश्यूचा तुकडा, तिथपर्यंत पोचेल का, हाड नेमकं कुठून कापू, प्लेट किती वाकवू, असा प्रश्न असेल तर खुशाल काढ. "जरा ॲनाटॉमी बघू" एवढंच असेल तर स्क्रीनवर बघ, फुकट आहे.

आता आधी सीटीबद्दल बोलते, कारण चर्चा सगळी प्रिंटरची होते आणि काम बिघडतं ते सीटीपाशी. पेशंट जी फिल्म किंवा सीडी घेऊन येतो त्यात बऱ्याचदा ३ किंवा ५ एमएमचे कट असतात, कधी कधी तर नुसते जेपेग. त्यावरून मॉडेल काढलंस तर पायऱ्या पायऱ्यांचं नाक येतं. आपल्याला मशीनवरचा मूळ थिन कट (पातळ कापांचा) डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाईल, लागतो, ०.६ एमएमच्या आसपास, १ च्या वर नकोच. शार्प बोन कर्नल, म्हणजे हाडाच्या कडा ठळक करणारी सेटिंग, डोळ्याला छान दिसतो पण त्यात नॉइज फार असतो, त्यामुळे टेक्निशियनला सांगून सॉफ्टची सिरीजसुद्धा मागून घ्यायची आणि दोन्ही उघडून बघायच्या, कशावर कडा स्वच्छ धरता येतात ते. दाताला मेटलच्या कॅप असतील तर टाळूच्या लेव्हलला रेघोट्या येणार, तो भाग मॉडेलमध्ये धरून चालायचंच नाही.

मग सेगमेंटेशन, म्हणजे सीटीवर हवा तो भाग कडा ओढून वेगळा काढणं. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आपल्या कामाला भरपूर झालं. बेल्जियमच्या मटेरियलाइज कंपनीचं मिमिक्स आहे, चांगलंच आहे, पण त्याच्या लायसनसाठी मेडिकल कॉलेजने पैसे द्यायचे म्हणजे तुझं पीजी संपून जाईल. थ्रेशोल्ड, म्हणजे किती घनतेपासून हाड धरायचं ती रेघ, २००-३०० हाउन्सफील्डच्या (सीटीवरचं घनतेचं माप) वर ठेवला की स्क्रीनवर कवटी उभी राहते आणि माणूस खूश होतो. पण मग जरा आत शिरून लॅमिना पॅपिरेसिया (डोळ्याच्या बाजूची भिंत) बघ, क्रिब्रिफॉर्मची लॅटरल लॅमेला (नाकाच्या छतातलं मेंदूलगतचं हाड) बघ. लॅमेलाचं हाड ०.२ एमएम किंवा त्याहूनही पातळ, अंड्याच्या टरफलाच्या आतला पापुद्रा असतो ना तसं, आणि आपला व्हॉक्सेल (स्कॅनमधला सगळ्यात छोटा ठोकळा) ०.६ चा. एकाच व्हॉक्सेलमध्ये थोडं हाड, थोडी हवा, थोडा म्युकोसा (आतलं ओलं अस्तर), या सगळ्याची सरासरी निघते, ती थ्रेशोल्डच्या खाली जाते आणि मॉडेलमध्ये तिथे भोक पडतं. पेशंटच्या नाकात हाड आहे, मॉडेलमध्ये नाही, आणि नवा मुलगा ते हातात घेऊन सांगतो की इथे डिहिसन्स आहे, म्हणजे हाडच नाही. बरं, म्हणून थ्रेशोल्ड खाली ओढला तर म्युकोसा आणि पॉलिप हाडात मिसळून सगळं जाडजूड होतं, स्कल बेस आहे त्यापेक्षा दणकट दिसायला लागतो, आणि माझ्या मते हे भोकापेक्षा जास्त धोक्याचं, कारण भोक निदान डोळ्यात खुपतं तरी.

यावर एक चांगला उपाय म्हणजे हाडाऐवजी हवा सेगमेंट करायची. हवा उणे १००० च्या जवळ असते, तिची कड स्वच्छ मिळते, तो हवेचा साचा घ्यायचा आणि त्याच्याभोवती १ एमएमची भिंत चढवायची, म्हणजे नाकाच्या आतून स्कोपला जसं दिसतं तसा पोकळ भाग मिळतो आणि कुठेही खोटं भोक येत नाही. अर्थात भिंतीची जाडी आपण दिलेली असते, खरी नसते, हे मॉडेलवर मार्करने लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. सायनस पूर्ण भरलेले असतील तर ही युक्ती चालत नाही, मग ब्रश घेऊन स्लाइस बाय स्लाइस हाताने भरायचं, अख्खी संध्याकाळ त्यात जाते. पण खरं सांगू का, पेशंटचा अभ्यास त्या संध्याकाळीच होतो. मॉडेल हातात येईपर्यंत केरॉस टाइप (क्रिब्रिफॉर्मच्या खोलीचा प्रकार) कुठला, अँटीरियर इथमॉइडल आर्टरी छताला चिकटून आहे की खाली लोंबतेय, ओनोडी सेल (ऑप्टिक, म्हणजे डोळ्याच्या नसेला लागून गेलेला मागचा हवेचा कप्पा) आहे का, स्फेनॉइडमधला (सगळ्यात मागच्या सायनसमधला) पडदा कुठल्या बाजूच्या कॅरोटिडवर (मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर) जाऊन बसलाय, हे सगळं पाठ झालेलं असतं. म्हणून सेगमेंटेशन बाहेरच्या माणसाकडे द्यायच्या मी विरोधात आहे. प्रिंट बाहेरून काढून आण हवं तर, पण कडा तू ओढ आणि रेडिओलॉजीच्या कुणाला तरी शेजारी बसवून तपासून घे.

फाईल काढताना दोन गोष्टी. एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठी काढायच्या, फाईलमध्ये युनिट नसतं, म्हणजे तो आकडा मिलिमीटर आहे की इंच हे फाईलला माहीतच नसतं, आणि प्रिंटिंगच्या दुकानात कुणी "बसत नाही म्हणून जरा लहान केलं" असंही करतो. त्यामुळे मॉडेलच्या शेजारी त्याच फाईलमध्ये २० एमएमचा ठोकळा ठेवायचा आणि प्रिंट आल्यावर आधी तो व्हर्नियरने मोजायचा. दुसरं म्हणजे बाजू. जेपेगच्या गठ्ठ्यावरून मॉडेल केलं आणि स्लाइसचा क्रम उलटा गेला तर आरशातलं नाक तयार होतं, दिसायला अगदी बरोबर, फक्त उजवं डावीकडे. नाकात दोन्ही बाजू सारख्याच दिसत असल्याने हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून उजवी बाजू डिजिटल मॉडेलवरच कोरून टाकायची, प्रिंट झाल्यावर स्टिकर लावायचं नाही.

प्रिंटरच्या प्रकारांवर फार वेळ घालवत नाही. तारेचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर देणारा एफडीएम, स्वस्त असतो, २०-३० हजारांत बरा मिळतो आणि पीएलए नावाच्या प्लास्टिकची किलोभर तार हजार-दीड हजाराला येते. हाडाचा मोठा ढाचा, मोल्ड, पेशंटला समजवायचं मॉडेल, यासाठी तोच. अडचण एवढीच की इथमॉइडच्या (दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसच्या) आत सपोर्ट, म्हणजे प्रिंट होताना लागणारे टेकू, भरले जातात आणि ते मग कशानेच निघत नाहीत, म्हणून मॉडेल मधोमध सॅजिटल कापून दोन भागांत काढायचं आणि चुंबक लावून जोडायचं. रेझिनचा, म्हणजे पातळ रेझिन उजेडाने घट्ट करणारा, प्रिंटर बारीक काम सुंदर करतो, पण बंद सायनसच्या आत कच्चं रेझिन साचून राहतं आणि नंतर कधीतरी टेबलवर चिकट ओघळ येतो, त्यामुळे प्रत्येक बंद पोकळीला खालून एक भोक ठेवायचं. रेझिन क्युअर होताना थोडं आकसतं, म्हणून मघाचा २० एमएमचा ठोकळा तिथे जास्तच लागतो. पावडरवाले, रंगीत मल्टी-मटेरियलवाले प्रिंटर आपल्या आवाक्यातले नाहीत, त्यांचं काम बाहेरून करून घ्यावं.

आणि हो, पावसाळा. तू मुंबईत किंवा कोकणात असशील तर हे कुठल्या मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं नसतं, पण जूननंतर तार दमट होते, नोझलमधून तडतड आवाज यायला लागतो, मॉडेलवर केसासारखे तंतू सुटतात आणि सगळे प्रिंटरला दोष देतात. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, एवढंच करायचं. एका सरकारी कॉलेजात मी नवाकोरा प्रिंटर कपाटात कुलूपबंद बघितलाय, मशीन घ्यायला पैसे मंजूर झाले होते पण तार घ्यायला बजेटमध्ये हेडच नव्हतं. तेव्हा मागणीपत्रात तार, रेझिन, नोझल आणि एक बरा कॉम्प्युटर एकदमच घालून घ्या.

आता मूळ मुद्दा, कशासाठी वापरायचा. मला विचारशील तर सगळ्यात वरचा नंबर ट्रेनिंगचा, आणि तुझ्यासारख्या पीजीला तर नक्कीच. आपल्याकडे एंडोस्कोप हातात धरायला शिकायचं म्हणजे मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं डोकं आणायचं, ते चांगलंच आहे, म्युकोसा खरा असतो, कॅमेरा स्थिर धरणं, फोर्सेप कॅमेऱ्याच्या खालून आत नेणं, टर्बिनेट (नाकातली मांसल घडी) सोडवणं हे सगळं त्यावर बसतं. पण स्फेनॉइड आणि त्याच्या मागचा स्कल बेस माणसासारखा नसतो, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीकडे जायचा रस्ता बकऱ्यावर शिकता येत नाही. कॅडॅव्हर, म्हणजे मृतदेह, मिळतो पण फॉर्मलिनने म्युकोसा चामड्यासारखा झालेला असतो आणि एकदा ड्रिल केलेलं डोकं पुन्हा नवं होत नाही. प्रिंटेड मॉडेल इथे खरं कामाला येतं, एकच पेशंट, एकच स्फेनॉइड, पाच पीजींनी पाच वेळा उघडायचा, आणि नंतर सगळ्यांचे कट शेजारी शेजारी ठेवून बघायचं की कोण ऑप्टिकच्या किती जवळ गेलं.

यात ड्रिलची गंमत अशी की पीएलएवर डायमंड बर (ड्रिलचं गोल टोक) लावला की प्लास्टिक तापून वितळतं, बरला गोळा होऊन चिकटतं आणि हाताला हाडाचा फील अजिबात येत नाही. स्पीड कमी ठेवायचा आणि पाणी सोडत राहायचं म्हणजे थोडं चालतं, पण ड्रिल शिकवायचं असेल तर तेवढा क्लायव्हस-स्फेनॉइडचा (स्फेनॉइड आणि त्याच्या मागच्या हाडाचा) तुकडा रेझिनमध्ये काढून एफडीएमच्या ढाच्यात बसवायचा, वापरला की तोच बदलायचा, बाकीचं डोकं तेच राहतं. रेझिनची धूळ भुकटीसारखी बारीक उडते, मास्क लावल्याशिवाय ड्रिल करू नये. म्युकोसासाठी आतून सिलिकॉनचा पातळ हात ब्रशने फिरवायचा, खरं नाही वाटत पण निदान फ्लॅप उचलायची हालचाल तरी शिकता येते.

सीएसएफ लीकचं, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळतं त्याचं, मॉडेल तर ओटीतल्या सामानावर होतं. स्कल बेसच्या वर हातमोज्याचा तुकडा ड्युरा (मेंदूवरचं आवरण) म्हणून ताणून लावायचा, मागे सलाइनची बाटली आयव्ही सेटने जोडायची, सलाइनमध्ये थोडं फ्लुरोसिन (चमकणारा रंग), आणि बाटली स्टँडवर वर-खाली करून प्रेशर बदलायचं. मग पीजीला सांगायचं, बंद कर. बाटली वर नेल्यावर कुणाचा ग्राफ्ट (लावलेलं ठिगळ) उचलला जातो ते अर्ध्या मिनिटात कळतं. कॅरोटिड फुटल्यावर काय करायचं यासाठी ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वर्माल्ड यांच्या टीमने जिवंत मेंढीवरचं मॉडेल उभं केलं आणि कुटलेल्या स्नायूचा तुकडा दाबून ब्लीड थांबवायचं तंत्र त्यातून पुढे आलं. आपल्या कॉलेजात ते शक्य नाही, पण प्रिंटेड स्फेनॉइडमध्ये एक ट्यूब, लाल पाणी आणि पंप एवढं जमलं तरी दोघांनी मिळून काम कसं करायचं, एकाने सक्शनने रक्त बाजूला खेचून धरायचं आणि दुसऱ्याने पॅच न्यायचा, लेन्सवर रक्त उडाल्यावर घाबरून स्कोप बाहेर ओढायचा नाही, हे शिकवता येतं. ते खऱ्या पेशंटवर पहिल्यांदा शिकायची वेळ कुणावर येऊ नये.

दुसरा नंबर साच्याचा, म्हणजे टेम्प्लेट आणि मोल्ड. जुन्या सरांना विचार, फ्रंटल सायनसचा ऑस्टिओप्लास्टिक फ्लॅप (कपाळाचं हाड झाकणासारखं उघडायचं ऑपरेशन) करताना ६ फुटांवरून कॉल्डवेल व्ह्यूचा एक्सरे काढायचे, म्हणजे मॅग्निफिकेशन येत नाही, मग त्या फिल्ममधून सायनसचा आकार कात्रीने कापायचा, स्टराइल करायचा आणि कपाळावर ठेवून त्याच्या कडेने हाड कापायचं. आता फ्रंटलचं बहुतेक काम नाकातून ड्राफ प्रोसिजरने होतं, पण खूप बाहेरच्या बाजूला बसलेला ऑस्टिओमा (हाडाची गाठ) असेल तर अजूनही वरून जावं लागतं, आणि तिथे सीटीवरून काढलेला टेम्प्लेट हाडाच्या उंचसखलपणासकट बरोबर बसतो. फिल्म सपाट होती, कपाळ सपाट नसतं. नेव्हिगेशन, म्हणजे इन्स्ट्रुमेंट कुठे आहे ते सीटीवर दाखवणारं मशीन, असेल तर त्यानेही कड आखता येते, पण ते असलेलं थिएटर आपल्याकडे किती ठिकाणी आहे ते तुलाही माहीत आहे.

नाकाच्या पडद्याला मोठं भोक असलेला पेशंट, नाकात खपल्या, रोज रक्त, ऑपरेशनला फिट नाही किंवा दोनदा फेल गेलंय, अशाला सिलिकॉनचं बटण बसवतो. तयार बटण गोल असतं आणि भोक बहुतेक वेळा गोल नसतंच, मग कडेला टोचतं आणि पेशंट काढून फेकून देतो. इथे सीटीवरून भोकाचा आकार घेऊन मोल्ड प्रिंट करायचा आणि त्यात मेडिकल ग्रेड सिलिकॉन ओतायचं. लक्षात घे, नाकात जातं ते सिलिकॉन, प्रिंट नव्हे. आणि यात एक फसगत होते ती सांगून ठेवते, प्लॅटिनम क्युअरचं सिलिकॉन ताज्या रेझिनच्या मोल्डमध्ये ओतलं तर कडेकडेने चिकट राहतं, सेटच होत नाही, त्यामुळे असले मोल्ड पीएलएमध्येच काढावेत.

नाकच गेलेल्या पेशंटचं, कॅन्सरसाठी काढलेलं असो की आणखी कशाने, सिलिकॉनचं कृत्रिम नाक करायलाही हाच मोल्डचा मार्ग आहे, फक्त ते काम प्रोस्थोडॉन्टिस्टचं (कृत्रिम दात, अवयव करणाऱ्या डेंटिस्टचं), आपण डेटा द्यायचा. यावरून आठवलं, पेशंटच्या मापाचा साचा ही कल्पना काही प्रिंटरबरोबर आलेली नाही. १७९३ च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या, इंग्रजी फौजेतल्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने परत केलं, त्याचं वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं आणि तिथून युरोपात हे ऑपरेशन पसरलं. करणारा माणूस विटा पाडणाऱ्या समाजातला होता. त्या वर्णनात स्पष्ट दिलंय की आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार करायचा, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे फ्लॅप. आज आपण कपाळाच्या फ्लॅपसाठी दुसऱ्या बाजूचं नाक मिरर करून, प्रिंट काढून त्यावर फॉइल चढवून तेच करतो.

तिसरा नंबर प्लॅनिंगचा, आणि इथे सगळ्यात जास्त फुगवून सांगितलं जातं. साध्या पिट्युटरी ॲडिनोमाला (पिट्युटरीच्या गाठीला), स्फेनॉइड छान मोकळा असताना, मॉडेलची गरज नाही. गरज कुठे तर आधी ऑपरेशन झालंय आणि खुणा गेल्यात, स्फेनॉइड कोंकल टाइपचा म्हणजे हवाच नाही, ॲक्रोमेगालीचा (वाढीचं हार्मोन जास्त असलेला) पेशंट ज्याची हाडं जाड आणि कॅरोटिड वेड्यावाकड्या, क्लायव्हसचा कॉर्डोमा (तिथल्या हाडातला ट्यूमर), किंवा दोन्ही कॅरोटिड मधल्या रेषेकडे इतक्या सरकलेल्या की मधे काही मिलिमीटरच जागा आहे. अशा केसला रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी अँजिओ करून कॅरोटिड वेगळ्या लाल तारेत काढायच्या, ट्यूमर एमआरआयवरून सीटीशी जुळवून तिसऱ्या रंगात, आणि सगळं एकत्र बसवायचं. मग त्या मॉडेलच्या नाकपुडीतून खरा ४ एमएमचा शून्य डिग्रीचा स्कोप घालून बघायचं. स्क्रीनवरच्या थ्रीडी चित्रात आपण कुठूनही बघू शकतो, भिंतीतून आरपार सुद्धा, मॉडेल मात्र नाकपुडीतूनच बघू देतं आणि इन्स्ट्रुमेंट कुठे अडतं ते दाखवतं. ट्रान्सटेरिगॉइड (बाजूच्या टेरिगॉइड हाडातून) जायला लागेल का, मिडल टर्बिनेट ठेवता येईल का, हे इथे ठरतं.

फ्लॅपचं पण तसंच. २००६ मध्ये हदाद आणि बसागास्तेगी यांचा नेझोसेप्टल (नाकाच्या पडद्यावरच्या म्युकोसाचा) फ्लॅप छापून आला आणि मोठ्या डिफेक्टनंतरची लीक पुष्कळ कमी झाली, पण त्याचा देठ मागे स्फेनोपॅलाटाइन रक्तवाहिनीला असतो, त्यामुळे पुढे फ्रंटलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचं तर लांबी पुरेल की नाही हा नेहमीचा वाद. साधा कागद घे, मॉडेलच्या पडद्यावर फ्लॅप आखून काप, देठ बोटाने दाबून धर आणि फिरवून डिफेक्टवर टाकून बघ. कागद ताणला जात नाही आणि आक्रसतही नाही, फ्लॅप आक्रसतो, तेव्हा कागद जेमतेम पुरत असेल तर फ्लॅप पुरणार नाही असंच धरायचं आणि नाकाच्या फ्लोअरवरचा म्युकोसा आधीच फ्लॅपमध्ये घ्यायचा.

काळ्या बुरशीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे या विषयात इतके लोक त्यामुळेच आले. २०२१ च्या जूनअखेरपर्यंत देशात म्युकरच्या, म्हणजे याच बुरशीच्या, ४० हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या आणि महाराष्ट्र त्यात पुढे होता. पहिल्या डिब्रीडमेंटला (सडलेला भाग काढायच्या ऑपरेशनला) मॉडेलचा काडीचा उपयोग नाही, रोग दिवसागणिक पुढे सरकतो आणि मॉडेल सीटीच्या तारखेचं असतं, तुम्ही प्रिंट काढेपर्यंत ते शिळं. तिथे पेशंट टेबलवर लवकर घेणं हेच खरं. पण नंतर, इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर, अर्धा वरचा जबडा आणि डोळ्याचा तळ नसलेला माणूस समोर बसतो, पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोललेलं कळत नाही, तेव्हा प्रिंट लागतो. चांगली बाजू मिरर करून मॉडेल काढायचं आणि ऑर्बिटची (डोळ्याच्या खोबणीची) टायटॅनियम मेश (जाळी) आदल्या दिवशीच त्यावर वाकवून ठेवायची, ओटीत परत परत घालून काढून बघण्यात जो वेळ जातो आणि डोळ्याच्या आतले टिश्यू जे चेंगरतात ते वाचतं. दोन्ही बाजूंची टाळू गेली असेल तर मिरर करायला काही उरत नाही, मग पेशंटचा जुना सीटी शोधायचा, कोव्हिडच्या वेळी छातीबरोबर चुकून चेहऱ्याचाही झाला असेल तर नशीब. पेशंटच्या मापाचे टायटॅनियम इम्प्लांटही बसवले जातात, लेझरने पावडर वितळवून थर देऊन केलेले, पण माझं मत विचारशील तर वर चांगला रक्तपुरवठा असलेला टिश्यू नसताना तोंडात एवढं धातू टाकलं की ते उघडं पडतं. आधी झाकायला काय आहे ते बघायचं, मग इम्प्लांटचं डिझाइन. नुसत्या ऑब्च्युरेटरवर (टाळूचं भोक बंद करणाऱ्या कवळीवर) छान जेवणारे, फोनवर बोलणारे पेशंट आहेत.

पेशंटशी बोलताना मॉडेलचा जो फायदा होतो तो पेपरात मोजता येत नाही. "नाकातलं हाड वाढलंय" असं ऐकून आलेल्या माणसाला ट्यूमर डोळ्याच्या नसेला चिकटलाय हे सीटीच्या काळ्यापांढऱ्या चित्रात दिसत नाही. मॉडेल हातात दिलं की नातेवाईक बोट फिरवतात आणि मग एखादी आजी विचारते, "म्हणजे डॉक्टर, एवढ्याशा जागेत डोळा, मेंदू न् रक्ताची नळी, सगळं इथंच?" कन्सेंट त्या क्षणी सुरू होते, सही नंतर. अँजिओफायब्रोमाच्या (नाकातल्या खूप रक्तस्राव होणाऱ्या गाठीच्या) मुलांच्या आईवडिलांना तर मी दाखवतेच, रक्त का जाणार आणि आदल्या दिवशी एंबोलायझेशन (गाठीच्या रक्तवाहिन्या आतून बंद करणं) कशाला, हे पटायला वेळ लागत नाही.

आता स्टराइल करण्याबद्दल, कारण इथे लोक बिनधास्त असतात. पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ ला चालतो, सीएसएसडीत (हॉस्पिटलच्या स्टरिलायझेशन विभागात) दिलंस तर तुझा टेम्प्लेट वाकडा होऊन येईल, आणि किंचितच वाकडा झाला तर लक्षात न येता वापरला जाईल, ते जास्त वाईट. ईटीओ (गॅसने) किंवा प्लाझ्मा, म्हणजे कमी तापमानावरचं स्टरिलायझेशन, करून घ्यायचं. शिवाय "पीएलए बायोकम्पॅटिबल असतं" हे अर्धसत्य आहे, बाजारातल्या तारेत रंग आणि काय काय मिसळलेलं असतं, त्यामुळे ते जखमेला लागू द्यायचं नाही, ट्रॉलीवर पारदर्शक स्टराइल पिशवीत ठेवून नुसतं बघायचं. जखमेवर टेकणारा गाइड असेल तर त्यासाठीचं सर्टिफाइड रेझिन, आणि शरीरात राहणारं काहीही असेल तर ते २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सखाली लायसन असलेल्या कंपनीकडूनच, कागदपत्रासकट. डिपार्टमेंटच्या प्रिंटरवर इम्प्लांट काढायचा विचारही करू नका.

बाहेर फाईल पाठवताना डायकॉममधलं नाव, नंबर काढून टाकायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सीटीवरून चेहऱ्याची कातडी जशीच्या तशी उभी राहते आणि ओळखीचा माणूस लगेच ओळखतो, म्हणून गरज नसेल तर चेहरा कापूनच पाठव.

थिसिसचं म्हणशील तर "मॉडेलमुळे ऑपरेशनचा वेळ कमी झाला" असला विषय घेऊ नकोस, सर्जन बदलला की वेळ बदलतो आणि एका पीजीच्या काळात तेवढ्या सारख्या केसेस मिळत नाहीत. त्यापेक्षा मोजता येईल असं घे. एक म्हणजे अचूकपणा, कॅडॅव्हरच्या डोक्याचा सीटी, त्यावरून प्रिंट, मग डिसेक्शन करून लॅटरल लॅमेला, लॅमिना, ऑप्टिकवरचं हाड खरं कसं आहे आणि मॉडेलमध्ये खोटी भोकं कुठे पडली, वेगवेगळ्या थ्रेशोल्डला, याची तुलना. दुसरं म्हणजे ट्रेनिंग, फर्स्ट इयरच्या मुलांना दोन गटांत वाटून एका गटाला मॉडेल आणि दुसऱ्याला नेहमीचं शिक्षण, आणि मग दोघांनाही कॅडॅव्हरवर स्फेनॉइड ऑस्टियम (स्फेनॉइडचं तोंड) शोधायला लावून, कुठला गट आहे हे माहीत नसलेल्या दोन सरांकडून व्हिडिओ तपासून घ्यायचे. पहिल्याला ॲनाटॉमी डिपार्टमेंटची परवानगी लागेल, दुसऱ्याला जास्त करून मुलांना रविवारी थांबवायचं कसब.

प्रिंटर यायला अजून सहा महिने लागतील, त्याची वाट बघू नकोस. थ्रीडी स्लायसर आजच लॅपटॉपवर टाक आणि सीटीच्या टेक्निशियनला जाऊन भेट, कारण सर्व्हरवर जागा नाही म्हणून थिन कटचा डेटा बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांत उडवतात आणि फक्त जाड कट ठेवतात. तुला हव्या त्या पेशंटचा डेटा त्याच दिवशी हार्ड डिस्कवर घ्यायची लेखी परवानगी एचओडींकडून घेऊन ठेव.